तीन मोजेपर्यंत

दि. ६ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारीच हाती आलं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तुझा फोनशी उभा दावा, म्हणून या जमान्यात आपण दोघंच पोस्टाच्या पेटीचं दार उघडं ठेवून आहोत, असं हे म्हणतात. यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली. गाडी दारात उभी आहे आणि हे रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसतात. बाकी सगळं ठीक.

चिऊला सुट्टीत माझ्याकडे पाठवायचं म्हणतोस. "मला गणित आलं ते ताईमुळे, आता माझी लेकही तिच्याच हाताखाली तयार होऊ दे," हे तू लिहिलेलं वाक्य मी यांना वाचून दाखवलं नाही. तिकिटाची घाई मात्र करू नकोस. सुट्टीतलं माझं काही नक्की नाही, कारण आमच्यावर एक नवीनच प्रशिक्षण येऊन आदळलंय.

आजवर तेवीस प्रशिक्षणं केली मी. सही करायची, मागच्या रांगेत बसून पेपर तपासायचे, चहा-बिस्किटं खायची आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं. या वेळीही आम्ही सगळे गठ्ठे घेऊनच गेलो. बघतो तर हॉलमध्ये रांगाच नाहीत, खुर्च्या गोल मांडलेल्या. मागची रांग नाही म्हटल्यावर आमच्या चित्रकलेच्या सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. प्रशिक्षक बाई पस्तिशीच्या असतील. हातात खडू नाही, कागद नाही. म्हणाल्या, तुम्ही मोठी माणसं आहात, तुम्हाला काय हवंय ते तुम्हालाच ठाऊक. मोठं माणूस गरज पडल्याशिवाय शिकत नाही, आणि शिकतं तेव्हा स्वतःच्या अनुभवावरच शिकतं. तेव्हा अनुभव तुम्ही आणा, मी फक्त विचारत राहीन.

मग काम दिलं. सहा आठवड्यांत प्रत्येकाने आजवर कधीच न जमलेली एक गोष्ट शून्यापासून शिकायची आणि वही ठेवायची. काय शिकलात ते वहीत लिहायचं नाही. आपण चुकलो तेव्हा शिकवणाऱ्याने काय केलं आणि आपल्या अंगाला काय झालं, एवढंच लिहायचं. शेवटच्या दिवशी वही गोलात बसून वाचायची आणि शेरा वरच्या कार्यालयात जायचा. मुख्याध्यापक पोहायला शिकणार आहेत, चित्रकलेचे सर शिवणयंत्र चालवायला. मी गाडी म्हणाले. दारात उभी आहे, गरजही आहे.

म्हणताना सोपं वाटलं. घरी आले आणि दारातल्या गाडीला वळसा घालून आत गेले. तू एवढी मोठी बस रोज भर गर्दीतून नेतोस, तुला हसू येईल. पण खरं सांगते, तीस वर्षांत मला कोणी काही विचारलेलंच नाही. विचारणारी मीच.

चिऊला गोड पापा. तुझ्या बायकोला म्हणावं, गुडघ्याला शेक दे.

तुझी
ताई


दि. २७ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

आशीर्वाद. गाडीत बसल्यावर आधी आरसा लाव, मग पट्टा, मग दोनदा श्वास घे, हे तू लिहिलंस ते मी पाठ केलंय. शेवटी "भीती वाटली तर गाडी थांबव, रस्ता कुठे पळून जात नाही" असं लिहिलंस. त्या ओळीपाशी मी फार वेळ बसले.

गाडी शिकवणारा मुलगा चिऊच्या मामाच्या वयाचा असेल. वाईट नाही, पण घाईचा आहे. रोज बाराजण शिकायला येतात, त्याला प्रत्येकाला अर्ध्या तासात बसवायचं असतं. पहिले तीन दिवस मी जीव मुठीत धरून चालवलं. चौथ्या दिवशी चौकात सिग्नल पिवळा झाला आणि तो ओरडला, "जायचं की थांबायचं? बोला मॅडम! लवकर!"

मला उत्तर माहीत होतं. थांबायचं. अगदी समोर दिसत होतं. पण तोंडातून शब्द निघेना. पाय कुठल्या पेडलवर आहे ते कळेना. गाडी गचका खाऊन बंद पडली, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. तो मोजायला लागला, "एक, दोन, तीन, करा सुरू!" त्याने तीन म्हटल्यावर माझे हातच गळाले. डावा कुठला, उजवा कुठला तेही कळेना. गणित शिकवणारी त्रेपन्न वर्षांची बाई मी, आणि ब्लाउज पाठीला चिकटला होता. शेवटी त्यानेच त्याच्या बाजूच्या पेडलवरून गाडी कडेला घेतली.

वहीत लिहिलं: "उत्तर माहीत होतं. मोजल्यावर गेलं."

गेल्या आठवड्यात बाईंनी आणखी एक केलं. आम्ही एकमेकांच्या तासाला जाऊन बसायचं आणि एकच गोष्ट टिपायची, प्रश्न विचारल्यावर समोरचा शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो. माझ्या तासाला चित्रकलेचे सर बसले. तासानंतर त्यांनी कागद दिला आणि निघून गेले. चाळीस प्रश्न. एकाही प्रश्नाला मी तीन सेकंद थांबले नव्हते. सहा प्रश्न एकाच मुलीला, दुसऱ्या बाकावरच्या. सहाही वेळा उत्तर मीच दिलं होतं. मला वाटायचं तिला येत नाही. सरांनी कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "तिचे ओठ हलत होते."

बाळ्या, त्या दिवसापासून मला धड झोप नाही. प्रशिक्षणाचं ओझं झालंय, असं यांना सांगितलंय.

चिऊचं तिकीट काढलंस का? काढलं नसलंस तर थोडं थांब. कारण पुढच्या पत्रात लिहिते.

तुझी
ताई


दि. १७ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

तुझी दोन पत्रं आली, दोन्ही टेबलावर आहेत. तिकीट काढलंस, चिऊने पिशवीही भरून ठेवली, असं लिहिलंस. ताई, तुला बरं नाहीये का, असंही विचारलंस. मी बरी आहे. मला भीती वाटते आहे, आणि ती गाडीची नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तू मला पुन्हा लिहिशील की नाही, याची आहे. आईनंतर माहेरचं म्हणावं असं तूच उरला आहेस. तरीही लिहिते, कारण चिऊ शुक्रवारच्या गाडीत बसण्याआधी तुला हे कळायला हवं.

मी एकोणीस वर्षांची होते, तू आठ. अध्यापक विद्यालयातलं माझं दुसरं वर्ष. आम्हाला वीस सराव पाठ द्यावे लागत आणि एकविसाव्याला तपासनीस येत. मी फार घाबरायचे. म्हणून संध्याकाळी, आई कामावरून यायच्या आत, मी घरी तुझ्यावर सराव करायचे. पाठाचं टाचण काढायचे, बाबांचं घड्याळ टेबलावर ठेवायचे आणि पाढ्यांची उजळणी घ्यायचे. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं, प्रश्न चपळाईने विचारावेत. म्हणून मी तीन मोजायचे. तिसऱ्याला उत्तर आलं नाही की पाढा पहिल्यापासून.

सातचा पाढा तुला येत होता. सकाळी आंघोळीच्या वेळी तू तो गाण्यासारखा म्हणत होतास, मी ऐकलं होतं. संध्याकाळी मोजायला लागले आणि तू सात आठेला थांबलास. पुन्हा थांबलास. पाचव्यांदा थांबलास तेव्हा मला वाटलं, मुद्दाम करतोय. दुसऱ्या दिवशी तपासनीस येणार होते. मी तुला हाताला धरून कोठीत नेलं, जिथे रॉकेलचे डबे आणि जुन्या गाद्या होत्या. बाहेरून कडी लावली. "सात आठे म्हण, लगेच उघडते," म्हणाले.

तू दार वाजवलंस. मी टाचण लिहीत बसले. मग तू वाजवायचा थांबलास, आणि मला वाटलं, बरं झालं, आता म्हणेल. टाचणाच्या शेवटच्या रकान्यात मी काय लिहिलं तेही आठवतंय: "उद्दिष्ट साध्य झाले." सव्वा तास गेला होता. दार उघडलं तेव्हा तू गादीला पाठ लावून उभा होतास आणि म्हणालास, "सा... सा... सा..."

ताप त्या दिवशी नव्हता, बाळ्या. ताप दुसऱ्या दिवशी चढला.

तुझं बोलणं तापामुळे अडखळतं, हे आपल्या घरात सगळ्यांनी मानलं. मावशी म्हणाली, काका म्हणाले, मग तूही म्हणायला लागलास. तापातून उठल्यावर तुला कोठी आठवतच नव्हती. डॉक्टर कदाचित म्हणतील, असं एका संध्याकाळी होत नाही. म्हणू देत. त्या दिवशी दुपारपर्यंत तू घडाघडा बोलत होतास, एवढं मला माहीत आहे, आणि ते माहीत असलेली मी एकटीच आहे, असं मी चौतीस वर्षं स्वतःला बजावत आले.

आता जे लिहायचंय त्यापासून मी दोन पत्रं पळ काढला.

डॉक्टरांना तिसऱ्या दिवशी बोलावलं म्हणून तू आईवर राग धरलास. पंधराव्या वर्षी तू तिला चिठ्ठी लिहिलीस, "तू वेळेवर नेलं असतंस तर मी बोललो असतो." मी तेव्हा खोलीतच होते. आईने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. मी भांडी आवरायला लागले. त्यानंतर तू सात वर्षं तिच्याशी कामापुरतं बोललास. लग्न ठरलं तेव्हाही तिला शेवटी सांगितलंस.

तिला ठाऊक होतं. तापात तुझी बोटं पुसताना तिने सोललेली पेरं पाहिली होती. तिने मला एकदाच विचारलं, "कडी लावली होतीस का गं?" मी नाही म्हणाले. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिला वाटलं असेल, पोरगा आईवर रागावला तर रागावू दे, बहिणीवर नको. किंवा मी स्वतःहून सांगेन म्हणून वाट बघत असेल. शेवटच्या आजारात ती माझा हात धरून गप्प पडून राहायची, तेव्हा मला वाटायचं की आता विचारेल, आणि मी देवाकडे मागायचे की विचारू नये. तिने विचारलं नाही. तू मात्र तिच्या दहाव्याला एका कोपऱ्यात उभा होतास आणि डोळ्यांत पाणीही आणलं नाहीस. तिच्या वाट्याचं ते पाणी मी हिरावलं.

काल प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता. मुख्याध्यापकांनी पोहण्याची वही वाचली, सगळे पोट धरून हसले. माझी पाळी आल्यावर मी चौकातलं वाचलं, आणि मग वहीत नसलेलंही सांगायला लागले. कोठीपर्यंत आले आणि थांबले. बाईंनी शब्द सुचवला नाही, पाणी पुढे केलं नाही, पुरे म्हणाल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. किती वेळ, कोण जाणे. मी उरलेलं सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "हे ऐकायची गरज कोणाला आहे?"

शेऱ्याचं काय व्हायचं ते होवो.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीपाशी मी आता थांबते. पहिल्या दिवशी वर्ग चुळबुळत होता. तिने उत्तर दिलं. बरोबर होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला तुझी पेरं दिसली आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

तेव्हा चिऊला पाठवायचं की नाही, ते तू ठरव. नाही पाठवलंस तरी मी कारण विचारणार नाही. तिला काहीतरी सांग, आत्या आजारी आहे म्हण. पाठवलीस तर तिच्यासमोर मी घड्याळ काढून ठेवीन.

आणखी एक. तू बोलायला लागलास की वाक्य मीच मध्ये पुरं करून टाकते. आयुष्यभर केलं. लोकांना वाटायचं किती माया. तुझा अडलेला शब्द मला ऐकवायचा नाही, बाळ्या, एवढंच होतं त्यात. तू "सा..." म्हणालास की मला कोठीचं दार दिसायचं.

म्हणून एक मागते. पत्र लिहू नकोस. पत्रात तू समजूतदार होशील आणि मला माफ करून मोकळा होशील. फोन कर. रागवायचं असलं तर रागव, आईबद्दल विचारायचं असलं तर विचार. पहिला शब्द यायला कितीही वेळ लागू दे. मी मोजणार नाही, मध्ये बोलणार नाही, फोन कानाला लावून बसेन. आणि फोन आला नाही तर तेही उत्तर समजेन.

शेवटी "तुझी" लिहायला हात होत नाही. तो शब्द तुझ्याकडे ठेवते.

ताई