होणाऱ्या जावयाची मोसमी बिअर

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त मनातल्या मनात). रक्तदाब कसा आहे? पुढचं वाचण्याआधी गोळी घ्या, असं तुमची भावजय सांगते. मी सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम घेतली नसती.

तुमची लेक ज्याच्याशी लग्न करायचं म्हणते, त्या बिअरवाल्याला तुमच्या आज्ञेप्रमाणे बघून आलो. 'त्याचं काहीतरी वाईट शोधून कळव' हे तुमचे शब्द. निःपक्षपाती चौकशी कशी करावी, ते तुमच्याकडून शिकावं. कारखाना म्हणजे एक जुनं गॅरेज. आत स्टीलची पिंपं, ओली फरशी आणि गमबूट घातलेला तो. दर मोसमाला तो नव्या चवीची बिअर काढतो. आता चारही एकदम चाखून तुलना करा म्हणाला. तुमच्या भावजयीने 'मी फक्त वास घेईन' असं जाहीर केलं आणि वास घेता घेता ग्लास रिकामा केला.

वसंतातली स्ट्रॉबेरीची. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाला फेस आला तर अशी लागेल. उन्हाळ्यातली कलिंगडाची, म्हणजे कलिंगड खाऊन झाल्यावर ताटलीत उरतं ते पाणी. थंडीतली संत्रं-दालचिनीची मात्र (खोटं कशाला बोलू) बरी होती. इतकी बरी, की मत पक्कं करायला मी पुन्हा मागून घेतली. तुमच्या भावजयीचं मत अजून पक्कं व्हायचंय.

शेवटी पानगळीतली, भोपळ्याची. ही त्याची लाडकी; हिच्यासाठी तो महिनोन् महिने खपला होता आणि सगळ्यात मोठं पिंप हिचंच होतं. मी घोट घेतला आणि सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागलो. तेवढ्यात तुमची लेक दवाखान्यातून आली (जनावरांची डॉक्टर, पेशंटचं मन राखायची सवय नाही). एक घोट घेऊन म्हणाली, "ही बिघडलीय. विकू नकोस."

मी सरसावून बसलो. आता दिसणार याचा खरा स्वभाव! गडी कानापर्यंत लाल झाला. ग्लास उजेडात धरला, पुन्हा चाखला.

"नक्की?"

"नक्की."

गेला आणि पिंपाची तोटी उघडली. सगळी बिअर मोरीत! ती संपेपर्यंत तिथेच उभा होता, बाहीने डोळे पुसत. पोरगी शेजारी जाऊन उभी राहिली.

दादा, आपल्या घराण्यात बायकोच्या सांगण्यावरून कुणी उलटा घातलेला सदरासुद्धा सरळ केलेला नाही. तुम्ही तर वहिनी ओरडत असताना उलट दिशेच्या गाडीत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलात आणि उतरल्यावर स्टेशनावरची पाटी चुकलीय म्हणालात. तेव्हा वाईट सापडलं ते एवढंच: हा माणूस ऐकून घेतो. आपल्यात टिकायचा नाही. मुलगा नापसंत करावा, अशी माझी नम्र शिफारस.

तुमचा आज्ञाधारक
धाकटा भाऊ

ता.क. शिफारशीला जरा उशीर झाला. परवा दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. साक्षीदारांच्या सह्यांमधली थरथरीत सही माझी.

ता.क. दुसरा. तिच्याखालची ठसठशीत सही वहिनींची. तुम्हाला सांगून निघाल्या तशा त्या बहिणीकडे गेलेल्या नाहीत, आमच्याकडे आहेत. मजेत आहेत.

ता.क. तिसरा आणि खरा. पोरगी रोज तुम्हाला फोन लावते. तुम्ही उचलत नाही, म्हणून तर हा पत्राचा उपद्व्याप. एकदा उचला, दादा. आशीर्वाद नाही सुचला तर नुसतं 'जेवलीस का' विचारा, तिला तेवढं पुरेल. मग हवं तेवढं रागवायला मला फोन करा. मी उचलणार नाही.