धावत्या नदीचं सातवं कडवं

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण माझ्या आठ अंगांपैकी पाच सध्या काम बंद करून बसली आहेत, तेव्हा उरलेल्या तिघांचा गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? जिन्याच्या त्या वाकड्या पायरीला कठडा बसवून घेतलास का? रात्री झोप लागते ना? (हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू "जेवलास का" एवढं विचारतेस आणि मी उत्तर देईपर्यंत ठेवून देतेस. पत्र तुला मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते बोलत राहतं.)

तर बातमी अशी की मी धावायला लागलो आहे. आधी बसून घे. अडुसष्टाव्या वर्षी, पोपटी रंगाचे बूट घालून, पाठीवर पिशवी अडकवून, रोज घरापासून छापखान्यापर्यंत. शाळेत चमचा-लिंबूच्या शर्यतीत मी लिंबू इतकं प्रेमानं सांभाळलं की शर्यत संपून मुलं वर्गात गेली तरी मी मैदानात चालतच होतो, हे तुला आठवत असेल. त्या माणसानं धावायचं म्हणजे घड्याळानं गावं तसंच आहे. पण वेळच तशी आली. छापखान्यावरून जाणाऱ्या बसचा मार्ग बदलला. आता दोन बस बदलाव्या लागतात आणि तरी शेवटी बरंच चालावं लागतंच. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता पुरे झालं. घरी बसा." त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई माझ्या रक्ताचा कागद वाचून म्हणाल्या की चाला, जमलं तर थोडं पळा. मी दोन्ही वाक्यं एकत्र केली आणि जाहीर केलं, मी पळत कामाला जाईन. तुझी भावजय भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "पळून जाताय ते ठीक, डबा घेऊन जा."

चिरंजिवांनी अट घातली. (तो लहानपणी माझ्याकडून गणितात नापास झालेल्या पेपरवर सही घ्यायला यायचा, तो आता मला अटी घालतो. काळ असा उलटा होऊन वाहतो, पण ते असो.) अट अशी की महिनाभर रोज दहाच्या आत छापखान्यात पोचायचं आणि पोचल्यावर फोन करायचा. तीनदा उशीर झाला की नोकरी बंद, चर्चा नाही. तुला वाटेल, बंद झाली तर झाली, या वयात प्रुफं तपासून काय मिळवायचंय. पण अक्का, मी औषधांच्या बाटल्यांबरोबर येणारी ती घडीची पत्रकं तपासतो. गेल्या महिन्यात एका पत्रकात 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणाआधी' पडलं होतं, ते मीच धरलं. कुठल्या तरी घरात कुणाच्या तरी पोटात त्यामुळे दुखलं नाही, आणि हे त्यांना कधी कळणारही नाही. ओल्या शाईचा वास घेत असं कुणाच्या तरी पोटाची काळजी करत बसणं मला फार आवडतं. घरी बसलो तर माझ्या चुका शोधायला तुझी भावजय आहे, पण मी कुणाच्या शोधू?

धावण्याचं वेळापत्रक चिरंजिवांनी कागदावर लिहून दिलं. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा धावायचं. आता माझ्या घड्याळाला सेकंदकाटा नाही, आणि फोनमधलं पाहायला चष्मा लागतो, जो धावताना नाकावरून हनुवटीवर येतो. तेव्हा मी शाळेतल्या कविता काढल्या. चिमणीची कविता एकदा म्हटली की मिनिट होतं, त्यावर धावायचं. धुक्याची संथ कविता दोन मिनिटं पुरते, तीवर चालायचं. काय सांगू तुला, सकाळची वेळ, भिंतींवर तिरपं ऊन, बेकरीच्या मागच्या दारातून येणारी ऊब, आणि तोंडात धुकं. कुठल्या तरी खिडकीत कुणी केस विंचरत असतं, एक शिंपी दुकानाची फळी काढता काढता माझ्याकडे पाहतो. मला क्षणभर वाटतं की मी म्हातारा नाही, फक्त शाळेला जरा उशीर झालाय. (साठ वर्षं म्हणजे जराच.)

पहिला उशीर माझ्या सभ्यपणामुळे झाला. चौकातल्या थांब्याजवळ मी चिमणीवर होतो. बसचा चालक आरशात पाहतो तर एक म्हातारा जिवाच्या आकांतानं मागून येतोय. त्यानं बस थांबवली. आतल्या बाया ओरडून सांगू लागल्या, "थांबा हो, आजोबा येतायत." एकानं हात धरून मला वर ओढलं, दुसरीनं जागा दिली, तिसरीनं पाण्याची बाटली पुढे केली. इतक्या मायेपुढे मला बसच नको होती हे कोणत्या तोंडानं सांगणार? मी आभार मानून बसलो, बस चौकातून वळली आणि मी छापखान्याच्या नेमक्या उलट दिशेला, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. मध्ये उतरलो असतो तर त्यांचं मन मोडलं असतं. छापखान्यात पोचलो तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती.

दुसरा उशीर हा या पत्राचा गाभा आहे. तिसऱ्या आठवड्यात कागदावर लिहिलं होतं, 'चौकापासून शेवटपर्यंत न थांबता.' एवढ्या लांब पल्ल्याला चिमणी पुरेना. तेव्हा मला आपल्या मास्तरांनी स्वतः रचलेली, कुठल्याच पुस्तकात नसलेली ती नदी आठवली. 'पुढे चला हो नदीबाई, वळणावरती थांबू नका. काठ म्हणाला, टेका जरा, त्याचे काही ऐकू नका.' तिला पायांचीच चाल आहे. एकेक कडवं आपोआप येत गेलं, पाय आपोआप पडत गेले, दम लागतोय हेसुद्धा दुसऱ्या कुणाला लागत असल्यासारखं वाटलं. सहावं कडवं संपलं आणि छापखान्याचं फाटक समोर आलं. आता सातवं म्हणायचं आणि थांबायचं. पण सातवं येईना. मास्तरांचा नियम तुला माहीत आहे, कविता अर्ध्यात सोडणारा माणूस सोबत्यालाही अर्ध्या वाटेत सोडतो. म्हणून मी, ओघात तरी आठवेल या आशेनं, पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. फाटकाशी आमचा बाइंडर चहाचा पेला घेऊन उभा होता. तो म्हणाला, "काका, छापखाना इकडे आहे." मी त्याला हात केला आणि पुढे गेलो. दुसऱ्यांदा सहावं कडवं पाण्याच्या टाकीपाशी संपलं. तिसऱ्यांदा कालव्याच्या पुलावर. तिथे पाठीत कळ आली म्हणून थांबलो, कविता संपली म्हणून नव्हे. पुलावर बसून डबा खाल्ला. खाली पाणी जात होतं, त्याला सातवं कडवं पाठ असावं.

तिथे बसल्यावर मला कळलं की मी ते विसरलेलो नाही, मला ते कधी येतच नव्हतं. आपण दोघं शाळेला धावत जायचो तेव्हा तू माझा हात धरून पुढे असायचीस आणि आपण नदी म्हणत जायचो. सहाव्या कडव्याला शाळेचं फाटक यायचं. मी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायचो, आणि सातवं तू एकटी म्हणायचीस. मी ऐकायचो कुठे? मी खाली वाकून तुझ्या चपलेचा अंगठा बघायचो, जो तू लाल दोऱ्यानं बांधला होतास. लाल दोरा मला लख्ख आठवतो. कडवं नाही.

आता एकच उशीर शिल्लक आहे. बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप. तुझी भावजय नमस्कार सांगते आणि मला वेड लागलंय असं कळवते.

तुझा आज्ञाधारक (तू पाहत असतेस तेवढ्यापुरता),
धाकटा

ता. क. खरं कारण लिहायचं राहिलं. सातवं कडवं उलट टपाली पाठव. मास्तर नाहीत, त्यांची वही नाही, आणि आपल्या वर्गांतले जे उरलेत त्यांना स्वतःचे चष्मे सापडत नाहीत. मी स्वतः एक कडवं रचून पाहिलं, नदी समुद्रात नेऊन बुडवली, यमकही जुळलं. पण पाय ऐकेनात. पायांना खोटं कडवं कळतं.

ता. क. दुसरा. पत्र तीन दिवस पाकिटाविना पडून होतं, तेवढ्यात चिरंजीव काल माझी तपासणी करायला स्वतः बरोबर धावले. चौकापाशी मी नदी सुरू केली, त्याला चाल आवडली, तोही म्हणू लागला. दोघंही फाटकावरून पुढे गेलो. त्याच्या ऑफिसलाही उशीर झाला. पुलावर धापा टाकत म्हणाला, "बाबा, हा मोजायचा नाही." मग पाण्याकडे बघत त्यानं विचारलं, "आत्याला येत असेल का हो पुढचं?"

ता. क. शेवटचा. बाइंडरनं उपाय सुचवला की काका, तुम्ही दहा मिनिटं आधी निघा, पुलापर्यंत जा आणि चालत परत या. आज तसंच केलं. दहाला सात मिनिटं कमी असताना आत होतो. तेव्हा घाई नाही. आणि अक्का, तुलाही ते आठवत नसेल तर तसं कळवू नकोस. नुसतं 'पत्र पोचलं' एवढंच लिही. मी समजेन की नदी अजून वाटेत आहे.