अमावास्येचा शिक्का

गुरुवार संध्याकाळ, अहमदपूर

दुपारी अन्नभेसळवाले साहेब आमच्या मसाल्याच्या खोलीत आले. काळ्या मसाल्याची चार पाकिटं नमुना म्हणून उचलली, लाख लावून सील केली, पंचनाम्यावर माझी सही घेतली. मसाल्याची भीती नाही, त्यात भेसळ नाही. भीती पाकिटावरच्या पॅकिंगच्या तारखेच्या शिक्क्याची आहे.

सकाळी पाकिटं भरताना सासूबाई म्हणाल्या, "आज अमावास्या हाय. आजची तारीख टाकू नको, कोणी घेत न्हाई. उद्याची टाक." मी टाकली. दर अमावास्येला आम्ही अशीच टाकतो. आजपर्यंत त्यात काही वावगं वाटलंच नाही.

साहेबांनी शिक्का वाचला का? वजन पाहिलं, लायसन्सचा नंबर पाहिला. तारखेवर त्यांचा अंगठा होता. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? मी फक्त चहा घेता का, एवढं विचारलं. तो अंगठा डोळ्यांपुढून हलत नाही.

सासूबाई आता म्हणतात, "उद्या ती तारीख खरीच होईल की. कशाला भितीस?"

त्यांना कसं सांगू? सील केलेल्या पाकिटांवर तारीख उद्याची, पंचनाम्यावर आजची, आणि त्याखाली सही माझी.