ताईचा रिपोर्ट मधला आला

मंगळवार, संध्याकाळ

ताईच्या स्तनातून काढलेल्या गाठीच्या जनुक तपासणीचा रिपोर्ट आला. कर्करोग परत येण्याचा धोका कमी निघाला तर केमो टळणार होती. निघाला नेमका मधला. डॉक्टर म्हणाले, फायदा होईलच असं नाही. घ्यायची की नाही, तुम्ही ठरवा.

सायखेड्याहून आलेली ताई माझ्याकडे वळली. "गाठ तर कापून टाकली. आता तिला काय इचारायचं माझं पुढचं?"

मी सांगितलं, गाठीतली कोणती जनुकं जास्त काम करत होती ते बघतात. तशाच गाठी असलेल्या बायकांचं पुढे काय झालं, त्यावरून अंदाज बांधतात.

"म्हंजी दुसऱ्या बायांचं सांगते ती. माझं नाय."

खरंच होतं. कापून टाकलेली गाठ, आणि आम्ही तिच्याच तोंडाकडे बघत बसलेलो.

"तू शिकलेली. तुला असतं तर काय केलं असतं?"

"घेतली असती," मी लगेच म्हटलं.

"मंग लिवा, डॉक्टर."

इतक्या लगेच का म्हटलं मी? मी धडधाकट. ती साठीची, ऑपरेशननंतर खंगलेली. आईनंतर मला तीच आहे. तिच्यासाठी बोलले की स्वतःसाठी?

ती घरी पोचल्यावर फोन केला. म्हटलं, ताई, पुन्हा विचार करू.

"सुनेला सांगितलं मी, धाकटी म्हणली म्हणून घेते. तू कशाला रडती? ओकाऱ्या मला येनार हायेत."