कवळी नाही हो, रिटेनर!

ती. मोटीबेन,

भानूचा वाकून नमस्कार, आणि घरातल्या लहानथोरांना जय श्रीकृष्ण. तुमचा गुडघा कसा आहे? जीजाजींची साखर उतरली का, की अजून ठाकोरजींच्या नैवेद्याच्या नावाने स्वतःच मोहनथाळ संपवतात? इकडे आम्ही मजेत आहोत. पत्र बघून दचकू नका, रविवारी भेटलो तेव्हा हे सगळं सांगायचं राहूनच गेलं. फोनच करणार होते, पण जीजाजी फोन स्पीकरवर लावतात आणि माझ्या घरची गोष्ट अख्ख्या नडियादला कळते. म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या बसचे कंडक्टर नटुभाई यांच्या हाती हे पाठवते आहे. त्यांना चहा विचारा (नाही म्हणतील, पण कपाकडे बघत राहतील).

माझ्या दातांच्या तारा निघाल्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी तोंडात तारा बसवल्या म्हणून लोक काय काय बोलले! शेजारच्या रंजनने तर विचारलं, "भानुबेन, यावर टीव्हीही लागतो का?" मी म्हटलं, "लागतो, पण तुझ्या घरची मालिका रोज फुकट ऐकू येते, मग कशाला लावू?" तर तारा निघाल्या, दात शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले, मी पेढे वाटायला निघाले, आणि डॉक्टर किन्नरीबेननी माझ्या हातात काचेसारखे दोन साचे ठेवले. एक वरच्या दातांचा, एक खालच्या. म्हणाल्या, "मासी, दात हट्टी असतात. मोकळे सोडले की जुन्या जागी परत जायला निघतात. हे रिटेनर जेवणखाण सोडून दिवसभर घालायचे, झोपतानाही. धुवायचे गार पाण्याने, मऊ ब्रशने." मी म्हटलं, "बेटा, मी अख्खं एसटी स्टँड माइकवरून हाकते. दोन साचे मला काय जड आहेत?"

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. घालायचे म्हणजे घालायचे. दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही साचे घालून कामावर गेले. तोंडात थोडी लाळ जास्त आणि जिभेला जागा कमी, एवढंच. नेमकं त्या सकाळी एका वऱ्हाडाची ठरवलेली गाडी बंद पडली आणि नवरदेवासकट सगळे साफे आणि बॅगा घेऊन स्टँडवर आले. त्यांची बस सात नंबरच्या फलाटावर होती. मी ठणकावून सांगितलं, "थात नंबर!" वऱ्हाडाने ऐकलं आठ. आठ नंबरच्या बसच्या कंडक्टरला नवऱ्याच्या आत्या, त्या फईबा, म्हणाल्या, "आम्हाला मांडवाच्या दारात उतरव, भाई." त्याच्या वाटेवरच्या गावात त्या दिवशी लग्न होतंच, त्याने सगळ्यांना अगदी मांडवाच्या दारात उतरवलं (प्रवाशांची सेवा म्हणजे अशी). तिथल्या लोकांना वाटलं, आपलंच वऱ्हाड लवकर आलं. सरबत झालं, ढोल वाजला, आणि नवरीच्या आईने रिवाजाप्रमाणे जावयाचं नाक धरून ओढलं. मग साफा वर करून चेहरा बघितला आणि किंचाळली, "अगं बाई, हा कोण?" नवरदेव बिचारा म्हणाला, "मी पण तेच विचारणार होतो."

चार छकडो रिक्षा करून मंडळी खऱ्या मांडवात पोचली. मुहूर्त टळायच्या आत लग्न लागलं, पण नवऱ्याचं नाक दोनदा ओढलं गेलं ते गेलंच. संध्याकाळी आमचे डेपो मॅनेजर गोहिलसाहेब यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तसे गरीब, पण त्या दिवशी चहा विचारला नाही. म्हणाले, "भानुबेन, एक तर तुमचे दात सरळ राहतील, नाहीतर माझ्या बस. ती कवळी काढून बोला."

"कवळी नाही साहेब, रिटेनर."

"जे असेल ते. नाहीतर रेकॉर्ड केलेली बाई लावतो. ती पगारही मागत नाही."

मोटीबेन, माइक म्हणजे माझा श्वास आहे, हे तुम्हाला सांगायला नको. म्हटलं, "साहेब, मला थोडे दिवस द्या. दातही राहतील आणि बसही." किन्नरीबेनना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मासी, घाबरू नका. जीभ शिकते. घरी मोठ्याने वाचा, फक्त काढू नका." मग आमच्या ह्यांना समोर बसवलं, हातात गाठियाची बशी दिली आणि सगळे फलाट, सगळी गावं म्हणायला लागले. सावरकुंडला, सिहोर, सायला, सुरेंद्रनगर. चुकलं की ह्यांनी बोट वर करायचं. पहिल्या दिवशी बोट खाली आलंच नाही, त्यामुळे गाठिया डाव्या हाताने खाल्ले. मदत करायचा उत्साह इतका, की एकदा ह्यांनी चहाच्या आधणातच खालचा साचा उकळून काढला. म्हणे जंतू मरतात. जंतूंचं माहीत नाही, साचा मात्र तळलेल्या पापडासारखा वळला. नवा करून घ्यावा लागला. मी काही बोलले नाही. (बोलले. पण प्रत्येक 'स' स्वच्छ आला, असं ह्यांनीही कबूल केलं.)

हळूहळू जीभ वळणावर आली. गेल्या शनिवारी माइकवर बसले, तर समोर कोण? त्याच फईबा, नव्या सुनेला माहेरी पोचवायला निघालेल्या. मला म्हणाल्या, "बेन, आज बोलू नका, बोटाने दाखवा." मी माइक जवळ घेतला आणि म्हटलं, "सात! सात नंबर! सासरच्या, सोयऱ्याच्या, सगळ्या प्रवाशांनी सात नंबरवर यावं!" सगळं स्टँड हसलं, फईबाही हसल्या, आणि गोहिलसाहेबांनी स्वतः चहा पाठवला. चहासाठी साचे काढले, प्यायले, चूळ भरली, परत घातले. शिस्त म्हणजे शिस्त. असो, फार लिहिलं. सगळ्यांना आठवण.

तुमची धाकटी,
भानू

ता. क. मंगळवारी किन्नरीबेनकडे तुमच्यासाठी वेळ घेतली आहे. रागावू नका. तुमच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही तोंडावर पदर धरला आहे, आणि नातवाच्या बारशाच्या फोटोतही. गेल्या रविवारी स्वयंपाकघरात आपण दोघी हसत होतो, तेव्हा पदर धरायचं तुम्ही विसरलात. किती छान दिसलात म्हणून सांगू! डॉक्टर वय विचारत नाहीत, हिरड्या बघतात, आणि तुमच्या हिरड्या माझ्यापेक्षा बऱ्या आहेत.

ता. क. २. त्याच रविवारी खमण खायला मी वरचा साचा काढला आणि कागदी रुमालात गुंडाळून तुमच्या फ्रीजवर ठेवला. तो तिथेच राहिला. समोरचा एक दात आत्तापासूनच सरकल्यासारखा वाटतो आहे. जीजाजींनी कचरा म्हणून टाकला नसेल, तर नटुभाईंजवळ द्या. टाकला असेल तरी मंगळवारी याच. तुम्ही नवं माप द्या, मी पुन्हा देते. दोघी एकदमच ओरडा खाऊ.