पिवळ्या लादीतला शंख

सर, तुम्ही जैसलमेरला कधी गेलाच नव्हतात. काल दुपारी तुमच्या घरी काकूंनी हे मला कोथिंबीर निवडता निवडता अगदी सहज सांगितलं आणि माझ्या हातातला चहा तसाच निवून गेला. अजून विश्वास बसत नाही. राग आलाय, रडू येतंय, मधेच हसूही फुटतंय, काय करू सांगा! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायचं तरी कुणाशी, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी मुलगी जैसलमेरला निघालोय, जीवाश्म शोधायला. उचलून आणायचे नाहीत हं, तिथे ते चालत नाही आणि मलाही नकोत. शोधायचे, बघायचे, फोटो काढायचे. तुळिंजच्या शाळेत मी आता विज्ञान शिकवते आणि दरवर्षी मुलांना तुमचाच शंख दाखवते. सातवीत असताना तुम्ही तो माझ्या तळहातावर ठेवला होतात. पिवळा दगड, त्यात गोल गोल वळलेला शंख, मागची बाजू गुळगुळीत सपाट. ती तुम्हीच घासली असणार, असं मी आजवर धरून चालले होते. ‘वाळवंटात स्वतः शोधलाय, सांभाळ,’ म्हणालात. वर्गात तर काय रंगवून सांगायचात! टेकडीमागे कोरडी नदी आहे, तिच्यात पाऊल टाकलं की चपलेखाली शिंपले वाजतात, समुद्र घर सोडून गेला पण सामान तिथेच ठेवून गेला. आम्ही किनाऱ्यालगत वाढलेली पोरं. एवढी वाळू आहे आणि समुद्र नाही, हे आम्हाला पटायचंच नाही, तरी आ वासून ऐकायचो.

तीच कोरडी नदी नकाशावर सापडेना. मुलगी मोबाइल घेऊन वैतागली. “मम्मी, असं लोकेशन नसतं गं. टेकडी, मग नदी, मग एक बाभूळ! गावाचं नाव सांग ना, ड्रायव्हर डोकं खातोय.” बाकी सगळं ठरलं होतं. पाणी किती घ्यायचं, उन्हं चढायच्या आत कुठून परत फिरायचं, गाडी रेतीत रुतली तर काय, मोबाइलला रेंज नसली तर काय. अनोळखी मुलूख, आम्ही दोघी बायका, तेव्हा बारीकसारीक सगळं विचारून घेतलं होतं. अडलं होतं फक्त तुमच्या नदीपाशी. आणि मी हटून बसले होते, की बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, पण सर उभे होते तिथे मला एकदा उभं राहायचंय. म्हणून तर काल उमेळ्याला काकूंकडे गेले, गावाचं नाव विचारायला.

“कोन, हे?” काकूंनी मान वर केली. “अगो, हे कंदी गेले राजस्थानला? नाय गेले.” मला वाटलं, वय झालंय, विसरल्या असतील. पर्समधून शंख काढून समोर धरला, तर ओळखून हसल्याच. “ही तर लादी! मागची बिल्डिंग बांधत होते ना, तिच्या जिन्याला लावलेली. तुकडे टाकलेले बाजूला, त्यातला उचलून आनला यांनी. मोरीत बसून घासघासून धुतला.” मग त्याच बोलत राहिल्या. दर दिवाळीला तुमची बॅग भरलेली असायची. पण तुमच्या आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कुशीवर वळवायचं, उठवून भरवायचं, आणि काकूंच्या एकटीच्याने त्या उचलल्या जायच्या नाहीत. बॅग परत कपाटावर. आई गेल्या तोवर तुमचे गुडघे गेले होते. “पोरांना सांगितलं की झालं यांचं जाऊन येनं,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागल्या.

आणि मला काय म्हणाला होतात, सर? कांद्याची पेशी सूक्ष्मदर्शकात न बघता मी पुस्तकातून उतरवली, तर भर वर्गात वही माझ्यापुढे आपटलीत. “न बघता काढलंस? डोळे कशाला दिलेत?” त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नव्हते. आज मीही माझ्या मुलांवर तस्संच ओरडते, अगदी तुमच्या आवाजात. आणि तुम्ही अख्खं वाळवंट न बघता काढलंत! कमाल आहे हो तुमची.

काकूंकडून निघाले ती तरातरा मागच्या बिल्डिंगमध्ये. जिना त्याच पिवळ्या लादीचा आहे, कडा झिजल्यात. पहिल्या पायरीवर वाकून बघितलं आणि तिथेच खाली बसले. शिंपले. पायरी पायरीवर शिंपले, आणि एका ठिकाणी करवतीने अर्धा कापला गेलेला शंख. भाजीची पिशवी घेऊन एक बाई वर चालल्या होत्या. “काय हरवलं, ताई? कानातलं?”

“नाही हो, शिंपले बघतेय.”

“इथे? कुठे?”

“तुमच्या पायाखाली.”

त्यांनी पटकन पाय उचलला. “अगं बाई! आणि मी रोज यावर फिनेल ओतते!” मी हसायला लागले आणि हसता हसता कधी हुंदका फुटला, कळलं नाही. त्या बिचाऱ्या घाबरून पाणी घेऊन आल्या. आईंना भरवून तुम्ही घटकाभर बाहेर पडला असाल, इथल्या ढिगाऱ्यापाशी वाकला असाल, असं सारखं डोळ्यांपुढे येत होतं. किती जायचं होतं हो तुम्हाला! एकदा तरी बोलायचंत, सर.

“मग कॅन्सल?” घरी आल्यावर मुलीने विचारलं. “ती जागाच नाही तर जायचं कुठे?” तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला, तिने स्पीकरवर टाकला. “मॅडम, पहली बार आ रहे हो क्या? इधर का कुछ मालूम है?”

मी म्हटलं, “मैं पहली बार आ रही हूँ, भैया. लेकिन हमारे सर आपका पूरा इलाका घूम के गए हैं. टेकडी के पीछे सूखी नदी है, उधर ले के चलो.”

“ऐसी तो बहुत नदियाँ हैं, मॅडम. कौन सी?”

“कोई भी चलेगी.”

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. “मम्मी, चक्क खोटं?”

हे मी काकूंनाही वाचून दाखवणार नाही. पण तुमच्यापाशी कबूल करते, सर, ते बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.