मागच्या चाकांचे ब्रेक

बे सिटी,
१४ सप्टेंबर

चि. रोंडा,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे आमच्या वयात ज्याला बरं म्हणतात तेवढे. टोमॅटो अजून येतायत. तुझी आई ते धुऊन खिडकीत मांडते आणि मग कुणी आणले म्हणून मला विचारते.

शुक्रवारी तू तिला न्यायला येणार, आठवण हरवलेल्या माणसांना सांभाळतात त्या घरी. हो, मीच म्हणालो होतो. त्याबद्दल बोलायचं आहे, पण फोन घेतला की ती शेजारी येऊन बसते, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलणं मला जमत नाही. म्हणून हे पत्र.

आधी गाडीचं सांगतो. वैतागू नकोस, सांगायचं ते त्यातूनच निघणार आहे. आपल्या शेव्हेल गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचे जुने ड्रम ब्रेक काढून मी डिस्क ब्रेक बसवले. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या अर्ध्या लोकांनी बोलणं टाकलंय. सत्तर सालची गाडी, कारखान्यातून निघाली तशी जपलेली, आणि या म्हाताऱ्याला आता अवदसा आठवली, असं त्यांचं म्हणणं. पलीकडच्या घरातला कॅझ म्हणाला, "लाइल, आजीबाईला स्केट्स घातलेस की रे."

कारण तुला ठाऊक आहे, निदान मी सांगितलेलं. मे महिन्यात तळ्याकडून परतताना चौकात गाडी थांबली नाही. शाळेची बस वीतभर अंतराने वाचली. पाऊस झाला होता, ड्रम ओले झाले, धरले नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं. ड्रममध्ये पाणी गेलं की ते धरत नाहीत हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही.

तर काम काढलं. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं झाकण उघडल्यावर जुन्या तेलाचा तो वास आला, तू लहान असताना माझ्या शर्टांना यायचा तोच. चाकांचे दांडे ओढले, ड्रमचं सगळं बिऱ्हाड उतरवलं, चकत्या चढवल्या, त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर बसवले. कंबरेचे पार तीनतेरा वाजले. एक बोल्ट आवळायचा आणि खुर्चीत बसायचं, असं चाललं होतं.

मग राहिलं ब्रेक-तेलाच्या नळ्यांमधली हवा काढणं. हे एकट्याचं काम नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने गाडीखाली पडून कॅलिपरचा हवा सोडायचा स्क्रू सैल करायचा, आणि तो परत आवळेपर्यंत आतल्याने पाय उचलायचा नाही. उचलला की हवा पुन्हा आत. लग्न झाल्यापासून आत तुझी आईच बसते. मी खालून "दाब" म्हणतो, ती वरून "धरलंय" म्हणते. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं एवढंच असेल.

या वेळी पेडल काही घट्ट होईना. दाबलं की लोण्यात बोट जावं तसं तळाला. दिवसच्या दिवस गेले.

"मॅक्सीन, पाय उचललास."

"नाही उचलला."

"उचललास. त्याशिवाय हवा कुठून येते?"

"माझा पाय कुठं आहे ते मला कळतं, लाइल. ओरडू नकोस."

मी ओरडलो. नको ते बोललो. ती उतरली, हात पुसले आणि मला विचारलं, "ही गाडी कुणाची आहे?" त्याच संध्याकाळी मी तुला फोन करून खोली ठरव म्हणालो. तुला वाटलं, बाबांना शहाणपण सुचलं. मी नुसता चिडलेलो होतो. जिला एक पेडल धरून ठेवता येत नाही, तिला घरी ठेवून मी काय करू, असा माझा हिशेब.

रविवारी कॅझ बटाटा भरलेल्या उकडीच्या पिरोग्या घेऊन आला आणि सवयीने गाडीखाली घुसला. दोन्ही चाकांवर बॅटरी मारून पाहिली. मग म्हणाला, "लाइल, तुझे स्क्रू खालच्या बाजूला आलेत."

मी डावा कॅलिपर उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. हवा वर चढते, म्हणून स्क्रू वर लागतो. तो खाली असला तर जन्मभर पेडल दाबलं तरी हवा निघायची नाही. ही नवशिक्याची चूक आहे, रोंडा. गाड्यांच्या कारखान्यात असताना याच चुकीसाठी मी नव्या पोरांना शिव्या घालायचो. कॅझ हसला नाही. त्याने हसायला हवं होतं.

कॅलिपर बदलले. तुझी आई आत बसली आणि पाहता पाहता पेडल दगडासारखं झालं. तिने पाय एकदाही उचलला नव्हता. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल?"

मंगळवारी दोघं फेरी मारून आलो. ब्रेक झकास लागतात. येताना धान्याच्या कोठाराजवळच्या वळणावर मी थांबलो, आणि थांबूनच राहिलो. मागून हॉर्न वाजायला लागले. घर कुठल्या बाजूला, ते मला आठवेना. तुझी आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डावीकडे, लाइल. भूक लागली मला."

हे पहिल्यांदा झालेलं नाही. मे महिन्यातला पाऊस आदल्या दिवशीचा होता. रस्ता कोरडा होता, ड्रम कोरडे होते. पुढे चौक आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं. बस दिसली तेव्हा पाय ब्रेकवर गेला. मी आधी ब्रेकना दोष दिला, कारण गाडी बोलत नाही. मग तुझ्या आईला दिला, कारण तिच्या बोलण्यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही. तिच्या विसरण्याआड माझं विसरणं बरं लपत होतं. मला फार भीती वाटते, रोंडा, आणि ती लपवून लपवून मी थकलोय.

गाडीच्या किल्ल्या कॅझकडे दिल्या आहेत. शुक्रवारी ये. पण त्याआधी त्या लोकांना फोन कर आणि एकटीची खोली नको म्हणून सांग. दोघांची मिळते का, विचार.

आईला तू काही सांगू नकोस, मी सांगतो. ती बरं म्हणेल आणि जेवताना पुन्हा विचारेल. मी पुन्हा सांगेन.

ध्यानात आहे तोवर,
तुझा
बाबा